अर्ध्या काळ्या गाड्यांच्या बाई

बाईंच्या घरी मी खोली बघायला गेलो तेव्हा बाईंनी माझ्याकडे पाहिलंच नाही. फाटकापाशी गाडी लावून मी उतरलो, होऊ घातलेल्या भाडेकरूला शोभेल असं सालस हसू चेहऱ्यावर आणलं, नमस्कार केला, आणि बाई माझ्या शेजारून निघून थेट गाडीच्या पुढच्या बंपरसमोर जाऊन उकिडव्या बसल्या. बंपर मुळात काळ्या प्लॅस्टिकचा होता. सोलापूरच्या उन्हात तो राखेच्या रंगाचा झाला होता आणि त्यावर मधूनमधून पांढरे फराटे उठले होते. बाईंनी त्यावरून बोट फिरवलं, ते बोट नाकाशी नेलं आणि मगच मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"बूटपॉलिश?"

"हो," मी म्हणालो. "मागे एकदा लावलं होतं. चांगलं दिसत होतं."

"किती दिवस?"

"गाडी धुवेपर्यंत."

बाईंनी रिपोर्ट वाचून डॉक्टर हलवतात तशी मान हलवली. मी औषध कंपनीचा प्रतिनिधी, दिवसभर डॉक्टरांच्या दारात बसणारा माणूस, त्यामुळे ती हालचाल माझ्या चांगली ओळखीची होती. पेशंट वाचतो, पण चूक पेशंटची आहे, असा तिचा अर्थ असतो.

त्याआधी मी सोलापुरात बऱ्याच खोल्या पाहिल्या होत्या आणि बऱ्याच घरमालकांनी माझी उलटतपासणी घेतली होती. बायको कुठं असते, लातूरला का असते, जेवणात काय चालतं, रात्री किती वाजता येणार. बाईंनी यातलं काही म्हणता काही विचारलं नाही. "जिना तिकडं आहे, किल्ली दाराला आहे, बघून या की," एवढं म्हणून त्या परत बंपरकडे वळल्या. मी खोली पाहून खाली आलो तरी त्या तिथंच होत्या. खोली पसंत आहे, असं मी सांगितलं. "असू दे," बाई म्हणाल्या, "गाडी मात्र पोर्चमध्ये लावायची. उन्हात दिसली तर खोली रिकामी करून घेईन." हा आमचा भाडेकरार.

बाई एका शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसणारी सोलापुरातली किती पोरं त्यांच्या हाताखालून गेली असतील, याचा हिशेब कुणाकडेच नव्हता. त्यामुळे सगळं गाव त्यांना बाईच म्हणायचं, आणि बाईही सगळ्या गावाला पाचवी ब समजून वागवायच्या. अंगाने सडपातळ, चष्म्याला दोरी, सुती साडीचा पदर खोचलेला, त्यावर नवऱ्याचा जुना पांढरा फुलशर्ट, हातात रबरी मोजे, आणि डोक्यावर सुनेनं गोव्याहून आणलेली मोठ्या काठाची टोपी. या वेषात त्या रोज सकाळी पोर्चमध्ये कुठल्या तरी गाडीसमोर बसलेल्या असायच्या. दूधवाल्यानं पहिल्या दिवशी मला विचारलं होतं, "त्या बाई तुमच्या कोण?" मी चटकन म्हणालो, "कुणी नाहीत." पुढं तोच प्रश्न कुणी विचारला की मी मोठ्या ऐटीत "आमच्या घरमालकीण" म्हणायला लागलो.

हा नाद त्यांना लागला तो त्यांचे यजमान गेल्यानंतर. यजमान बँकेत होते. ते गेले आणि त्यांची गाडी घराबाहेर तशीच उभी राहिली. वर्षभरात तिचा बंपर पांढराफटक पडला. "माणसासाठी काही करता आलं नाही," बाई सांगायच्या, "म्हटलं निदान बंपरचं तरी बघू." हे त्या हसत सांगायच्या, आणि ऐकणाऱ्याला हसावं की नाही हे कळायचं नाही.

मग स्वयंपाकघरातून सुरुवात झाली. आधी खोबरेल तेल लावलं. बंपर काळाभोर झाला आणि दुपारपर्यंत सगळ्या गल्लीची धूळ त्यावर येऊन बसली. मग शेंगतेल लावलं, तर सकाळी मुंग्यांची रांग. कुणी तरी सांगितलं म्हणून गरम हवेचं मशीन आणून प्लॅस्टिक तापवलं. काळा रंग चटकन वर आला, बाई खूश झाल्या, आणि काही महिन्यांत रंग आला तसा निघून गेला. त्याला त्या 'उसनं काळं' म्हणायच्या. शेवटी पुण्यामुंबईहून निरनिराळ्या रसायनांच्या बाटल्या मागवून, नातवाच्या जुन्या टॅबवर व्हिडिओ बघून, घरातल्या प्लॅस्टिकच्या बादल्यांच्या तुकड्यांना ती लावून, ते तुकडे गच्चीवर उन्हात ठेवून त्यांनी एक लेप पक्का केला. तो नुसता वर बसत नाही, धरून राहतो, असं त्यांचं म्हणणं.

"रंग उडाला, रंग उडाला म्हणता," त्या मला एकदा म्हणाल्या, "रंग कुठं उडतोय? वरचा पापुद्रा उन्हानं मेलेला असतो. आणि तुम्ही त्या मेलेल्यावर तेल ओतत बसता."

शाळेत त्या पोरांना काळ्या रंगाची बाटली उघडू द्यायच्या नाहीत म्हणे. निळा आणि तपकिरी मिसळा, तुमचा काळा तुम्ही करा. त्यामुळे त्यांच्या लेखी काळा म्हणून एक रंग नव्हताच. या कंपनीच्या गाडीचा काळा निळ्याकडे झुकतो, त्या कंपनीचा मातकट आहे, अमक्याच्या आरशाचा काळा आणि दाराच्या पट्टीचा काळा एका घरातले वाटत नाहीत, असं त्या बोलायच्या. आधी मला ही सगळी थट्टा वाटायची. नंतर सिग्नलला थांबलो की मीच शेजारच्या गाडीचा काळा न्याहाळायला लागलो. हा रोग संसर्गजन्य आहे, हे औषधवाला असून मला वेळेवर कळलं नाही.

चकाकीचा मात्र त्यांना मनापासून राग. टॅक्सीवाले डॅशबोर्डावर कसलं तरी तेलकट पॉलिश चोपडतात, ते सगळं समोरच्या काचेत दिसतं आणि रस्ता दिसत नाही. अशा गाडीत बाई बसल्या तर ड्रायव्हरची धडगत नसे. दारावरच्या रेक्झिनला, सीटला, स्टिअरिंगला साबणाचं पाणी आणि मऊ फडकं, बस. "चमकतंय म्हणजे चांगलं आहे असं कुणी शिकवलं तुला? मीच शिकवलं का?" असं त्या ड्रायव्हरला विचारायच्या. त्यातला एखादा खरंच त्यांचा विद्यार्थी निघायचा आणि मग तो निमूट फडकं घेऊन पुसायला लागायचा.

बाईंच्या कामाचे दोन नियम होते. पहिला, गाडी मालकानं स्वतः धुवायची. नोकर नाही, ड्रायव्हर नाही, मालक. बाई बादली, मऊ ब्रश आणि कोपऱ्यांसाठी जुना टूथब्रश हातात द्यायच्या आणि शेजारी खुर्ची टाकून बसायच्या. पांढरा फेस करडा येईनासा झाला की मग स्पिरिटनं पुसणं, मग रंगाच्या कडेनं कागदी चिकटपट्टी लावणं, आणि मग स्पंजावर लेपाचे थेंब घेऊन पातळ हात. एक हात वाळला की दुसरा. या वेळी त्या कुणाशी बोलायच्या नाहीत. घरची भाषा कानडी असल्यामुळे तोंडातल्या तोंडात कानडीत काही तरी पुटपुटत असायच्या, आणि हात मनासारखा बसला की मोठ्यानं म्हणायच्या, "साकु!" म्हणजे पुरे. तो शब्द आला की गाडीचा मालक सुटकेचा निःश्वास टाकायचा.

दुसऱ्या नियमानं बाई गावभर प्रसिद्ध झाल्या. त्या कुणाचीही गाडी एका वेळी पुरी करायच्या नाहीत. बंपरच्या बरोबर मध्यावर उभी चिकटपट्टी लावायच्या, एक बाजू काळी करायच्या आणि मालकाला सांगायच्या, "जा. उन्हात फिरव, धुळीत फिरव, दोनदा धू. आठ-दहा दिवसांनी ये. टिकलं असलं तर उरलेलं करू. नसलं तर तुझ्या गाडीला माझा हात लागत नाही म्हणायचं." माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नकोस, उन्हाला विचार, असं त्यांचं सरळ म्हणणं होतं.

त्यामुळे सोलापुरात केव्हाही अशा दोन-तीन गाड्या फिरताना दिसायच्या, डावीकडून नव्या आणि उजवीकडून जुन्या. लोक म्हणायचे, "बाईंकडे दिलेली दिसतेय." माझीही गाडी आठवडाभर तशी फिरली. एका हाडांच्या डॉक्टरांनी खिडकीतून ती पाहिली आणि माझ्या औषधाचं नावही न ऐकता विचारलं, "अर्ध्याचेच पैसे होते का हो?" मी वैतागून घरी आलो आणि बाईंना म्हटलं, "माझी इज्जत जातेय." बाई म्हणाल्या, "औषधवाले, तुम्ही गोळी खपवायला येता तेव्हा अर्ध्या पेशंटांना देऊन बघता ना आधी? की सरसकट सगळ्यांना चारता?" यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण ते देण्याजोगं नव्हतं.

इरण्णाची गोष्ट तर अजून सांगितली जाते. इरण्णा जवळच्या कुंभारी गावचा, भाड्यानं गाडी चालवणारा, बाईंचा जुना विद्यार्थी. वय चाळिशीकडं झुकलेलं, पण बाईंसमोर उभा राहताना हात आपोआप मागं बांधायचा. त्याची मोठी पांढरी गाडी आणि तिच्या चारी बाजूंनी पांढुरकं पडलेलं काळं प्लॅस्टिक. बाईंनी नियमाप्रमाणे अर्धी केली आणि आता जा म्हणाल्या.

"बाई, परवा नवरदेव न्यायचाय की!" इरण्णा रडकुंडीला आला. "आर्धी गाडी घिऊन मांडवात कसं जाऊ मी? लोक काय म्हनतील?"

"म्हणतील की अर्धी काळी आहे."

"बाई, असं काय करताव. लई मोठं घर हाय ते. एकडाव पुरी करा, मी धा वेळा धुतो, तुमी म्हनाल तितं उनात हुबी करतो."

बाई बधल्या नाहीत. इरण्णानं मग झेंडूच्या माळांनी उजवी बाजू पुरती झाकून टाकली आणि डावी तशीच ठेवली. लग्नात सगळ्यांना वाटलं की सजावटच तशी आहे. पुढच्या लग्नात दुसऱ्या कुणी तरी गाडीला एकाच बाजूनं फुलं लावली म्हणतात. हे खरं असेल तर सोलापूरच्या लग्नांत बाईंनी एक पद्धतच पाडली म्हणायची.

आता नवी पेठेतला प्रसंग, कारण पुढचं सगळं रामायण त्यातून झालं. बाई साडीला फॉल घ्यायला गेल्या होत्या. त्यांच्या पर्समध्ये कंगवा नसे, पण स्पिरिटची आणि लेपाची छोटी बाटली, स्पंज आणि चिकटपट्टी नेहमी असे. दुकानासमोर एक भारी गाडी उभी होती आणि तिच्या दाराची काळी मूठ पार पिठूळ झाली होती. बाईंना राहवलं नाही. त्यांनी तिथंच, भर गर्दीत, ती मूठ पुसली, मध्यावर पट्टी लावली आणि अर्ध्या मुठीला लेप लावायला सुरुवात केली. एवढ्यात पिशव्या घेऊन मालक आला. दक्षिणेकडचा व्यापारी, आवाज खणखणीत. "यार्री नीवु?" तो कडाडला. कोण हो तुम्ही? माणसं जमली, रिक्षा थांबल्या. बाईंनी स्पंज खाली ठेवला नाही. त्याला कानडीतच म्हणाल्या, ओरडायचं नंतर ओरडा, आधी इकडून बघा आणि मग तिकडून बघा. व्यापाऱ्यानं इकडून पाहिलं. तिकडून पाहिलं. पिशव्या खाली ठेवल्या आणि म्हणाला, "उरलेली?" "घरी या," बाई म्हणाल्या, "आणि येताना जुने कपडे घालून या. धुवायची तुम्हालाच आहे." रविवारी तो खरंच आला, बायकोला घेऊन. बायको पोर्चच्या पायरीवर बसून नवऱ्याला गाडी घासताना बघत होती आणि एवढी आनंदात होती की मला वाटलं, नियम बाईंनी तिच्यासाठीच केला असावा.

पण त्या गर्दीत बाईंची एक नणंदही होती. तिनं पुण्याला फोन केला.

पुण्याला बाईंचा एकुलता मुलगा, अप्पू. कॉम्प्युटरच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, कामात बुडालेला, सरळ माणूस. फोन दर रविवारी करायचा, पण सोलापूरला येऊन वर्ष उलटलं होतं. आपली आई रस्त्यात लोकांच्या गाड्या पुसते, हे ऐकून त्याला लाज वाटली असेल, तर ते समजण्यासारखं आहे. त्या वेळी तो फक्त फोनवर चिडला. पण एप्रिलमध्ये वेगळंच झालं.

बाई उन्हाच्या आधी काम आटपायच्या. त्या दिवशी एका गाडीचा लेप लांबला, ऊन पोर्चच्या आत सरकलं, आणि ओला लेप टाकून उठायचं नाही म्हणून बाई तिथंच बसून राहिल्या. मी नशिबानं घरी होतो. खालून बादली पडल्याचा आवाज आला. जाऊन पाहतो तर बाई चाकाला टेकून बसलेल्या, टोपी बाजूला पडलेली, ओठ सुकलेले, आणि डोळे कुठं बघताहेत ते कळत नव्हतं. एका ओळखीच्या डॉक्टरांकडे त्यांना नेलं, सलाईन लागलं. संध्याकाळी डोळे नीट उघडल्यावर त्या मला म्हणाल्या, "डाव्या दाराचा दुसरा हात राहिला." त्या वेळी मी त्यांच्यावर ओरडलो. आयुष्यात घरमालकिणीवर ओरडायची हिंमत मी तेवढी एकदाच केली.

शनिवारी अप्पू आला. नवी मोठी गाडी, तिला सगळीकडून जाडजूड काळ्या पट्ट्या, आणि पुण्यात उघड्यावर उभी करून त्या पट्ट्या राखाडी झालेल्या. कडांना पॉलिशचे पांढरे डाग. बाईंची नजर तिथं गेली आणि मी मनात म्हटलं, आता बघा. पण त्या काही बोलल्या नाहीत.

रात्रीच्या जेवणाला मलाही खाली बोलावलं. भाकरी, शेंगाची चटणी, वांग्याची भाजी, आणि मध्ये तणाव. अप्पूनं सरळ विषय काढला.

"अव्वा, आवरायला घे. मी तुला न्यायला आलोय."

"मी काय सामान आहे?"

"तू पडलीस तेव्हा हे वर होते म्हणून. नसते तर?"

मी भाकरीचा तुकडा हातात घेऊन बसून राहिलो. तो खरं बोलत होता, आणि त्याच्या आवाजात राग कमी आणि भीती जास्त होती.

"तिथं आराम कर," तो म्हणाला. "चौथ्या मजल्यावर घर आहे, लिफ्ट आहे, गाड्या सगळ्या खाली तळघरात."

"तळघरात ऊन येतं?"

"नाही."

"मग मी तिथं करू काय?"

"अव्वा, हे काय वय आहे का लोकांच्या गाड्या पुसायचं? आणि तू इथं राहिलीस तर मला सारखं येणं जमणार नाही, सांगून ठेवतो. वर्षा-सहा महिन्यांनी येईन. मध्ये काही झालं तर?"

बाईंनी त्याच्या ताटात चटणी वाढली. "जमेल तेव्हा ये," त्या म्हणाल्या. "मी कधी बोलावलंय?"

हे त्या इतक्या सहज म्हणाल्या की अप्पूला ते लागलं. त्यानं मान खाली घातली. मग बाई म्हणाल्या, "पुण्याचं सकाळी बोलू. उद्या आधी तुझी गाडी धू." मी हात धुऊन वर गेलो, पण मला बराच वेळ झोप लागली नाही. खोली जाईल ही काळजी होतीच, खोटं कशाला बोला. पण त्याहून जास्त हे सतावत होतं की दोघांपैकी कुणीच चूक नव्हतं. त्या घर सोडून गेल्या तर त्यांच्यातलं काही तरी संपेल, आणि राहिल्या तर हा लेक दूर राहील, आणि दर फोनला दोघंही भांडतील.

सकाळी मी चहाचा कप घेऊन गॅलरीत उभा राहिलो. अप्पू हाफ पँटीत, हातात टूथब्रश, तोंड आंबट. बाई खुर्चीत.

"जोर लावू नको. घासतोयस, खरवडत नाहीयेस."

"तेच करतोय."

"कोपरे राहिले. शाळेतही तुझे कोपरेच राहायचे."

"म्हणून तर नापास केलंस. स्वतःच्या मुलाला नापास करणारी तू एकटीच."

"नापास होण्यासारखं चित्र होतं ते. गाय काढली होतीस आणि शिंगं बाहेर गेली कागदाच्या."

अप्पू हसला. आल्यापासून पहिल्यांदा हसला. मग त्याचा हात खरंच लागला, तो गुडघ्यावर बसला, चाकांच्या कमानी, दारांखालच्या पट्ट्या, आरशांच्या कडा सगळं घासत गेला. बाई मागून स्पिरिटचं फडकं फिरवत होत्या. ऊन यायला लागलं तसं त्यानं घड्याळ पाहिलं, बाहेर गेला आणि इरण्णाला घेऊन परत आला. दोघांच्या खांद्यावर हिरव्या शेडनेटची गुंडाळी, डाळिंबाच्या बागांवर घालतात ती. इरण्णा जिन्याच्या कठड्यावर चढला, अप्पूनं फाटकाच्या खांबाला दोरी बांधली, आणि पोर्चपासून फाटकापर्यंत सावली झाली.

"आता कसं!" इरण्णा वरून म्हणाला. "बाई, आता ऊन आलं तर माज्याकडनं येईल."

"उतर खाली," बाई म्हणाल्या. पण नेटकडे त्यांनी दोनदा पाहिलं.

मग लेप सुरू झाला. पुढचा बंपर, डावीकडून. मी वरून बघत होतो, कारण मध्यावर त्या थांबतात तो क्षण मला आवडायचा. त्यांचा हात मध्याशी आला आणि थांबला नाही. मध्यावरची उभी चिकटपट्टीच लावलेली नव्हती. हात सरळ उजवीकडं गेला. मला वाटलं विसरल्या, आजारपणाचा परिणाम.

"बाई, मध्य झाला!" मी वरून ओरडलो.

त्यांनी ऐकलं नाही, किंवा ऐकून सोडून दिलं. पुढचा बंपर पुरा झाला. मागचा झाला. दारं, आरसे, कमानी, वायपरखालची जाळी, सगळं. अप्पू शेजारी बसून रंगाच्या कडेच्या चिकटपट्ट्या काढत होता. शेवटी बाईंनी स्पंज ठेवला, म्हणाल्या, "साकु," आणि अप्पूही त्यांच्याबरोबर हळूच म्हणाला, "साकु."

पुण्याचं बोलणं झालंच नाही. दुपारी लेप वाळला, जेवणं झाली. निघताना अप्पू एवढंच म्हणाला, "नेटच्या बाहेर बसायचं नाही. दहानंतर बंद." बाई म्हणाल्या, "बरं." त्यानं वाकून नमस्कार केला, मला हात केला आणि गाडी वळवली. ती गाडी इतकी शांत, भरीव काळी दिसत होती की गल्लीतली बाकीची सगळी वाहनं आजारी वाटायला लागली.

मी खाली जाऊन विचारलंच. "बाई, अर्धी का नाही ठेवलीत? एवढा मोठा माणूस अर्ध्या गाडीनं किती दिवस फिरला असता? आठ-दहा दिवसांत आला असता परत."

"म्हणूनच," बाई म्हणाल्या.

त्या फडकी पिळत होत्या. मी तिथून हललो नाही, म्हणून त्यांनी पुढं सांगितलं.

"लोकांना उन्हाचा कौल दाखवायचा असतो, म्हणून अर्धी. त्याची अर्धी ठेवली असती तर तो बंपरसाठी आला असता. तसा आलेला मला नको."

एवढं बोलून त्यांनी फडकी दोरीवर वाळत घातली. मी काही तरी विनोद करायला गेलो, तो जमला नाही, आणि मी वर निघून गेलो. त्या बाई मला किती आवडायच्या हे मला त्या संध्याकाळी कळलं.

पुढचे आठवडे बाई नेटखाली बसून काम करत राहिल्या. दहा वाजले की खरंच उठायच्या. रविवारी फोन यायचा, दोन-चार वाक्यं व्हायची. पुण्याचा विषय कुणी काढायचं नाही, आणि येण्याचाही. फोन ठेवल्यावर बाईंच्या चेहऱ्यावरून काही कळायचं नाही. मी मात्र दर शनिवारी फाटकाशी गाडी थांबल्याचा आवाज आला की गॅलरीत जायचो. दर वेळी कुणाची तरी राखाडी गाडी असायची.

असाच एक शनिवार. लग्नसराईत अडकलेला इरण्णा उरलेली अर्धी करून घ्यायला अखेर आला होता. गाडी धुऊन झाली होती, स्पिरिटचं फडकंही फिरलं होतं, बाईंनी मोजे चढवून स्पंज हातात घेतला होता. फाटकाशी रिक्षा थांबली. खांद्याला एक पिशवी लावून अप्पू उतरला. घामानं शर्ट पाठीला चिकटलेला.

मला वाटलं, वाटेत गाडी बंद पडली. मी वरूनच विचारलं, "गाडी कुठाय?"

"आणली नाही," तो म्हणाला. "एसटीनं आलो."

बाई उठून उभ्या राहिल्या. त्यांनी स्पंज बाटलीवर ठेवला, एक मोजा काढला, मग दुसरा काढला आणि दोन्ही इरण्णाच्या बॉनेटवर ठेवून दिले. अप्पूच्या खांद्यावरची पिशवी घेतली आणि त्याला पुढं घालून आत गेल्या.

मी इरण्णाकडे पाहिलं. त्याची गाडी ओलीच, अर्धी करडी तशीच उभी होती, आणि त्या दिवशी ती पुरी होणार नव्हती हे दोघांनाही कळलं होतं.

"अरे, तुझं काय?" मी म्हणालो.

"ऱ्हाऊ द्या की सायेब," इरण्णा म्हणाला. "लेकरू आलंय."